तापाचे दिवस कुणाकडे

आमच्या मध्यस्थ वकीलबाईंइतका भांडणावर जीव असलेला माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. वेगळं होऊ निघालेल्या नवरा-बायकोत निदान मुलांपुरता तरी समझोता व्हावा म्हणून कोर्ट त्यांच्याकडे जोडपी पाठवायचं, आणि बाई समोर बसल्या बसल्या म्हणायच्या, "भांडा की! पर नीट भांडा." एखादी "हे नेहमी असंच करतात" म्हणून नवऱ्यावर घसरली, की बाई तिला थांबवून विचारणार, "नेहमी म्हंजे कवा? वार सांगा." वार आठवता आठवता भल्याभल्यांचा राग निवायचा. बाई मूळच्या अक्कलकोटकडच्या. स्वतः चिडल्या की कानडीत चिडायच्या; समोरच्याला अक्षर कळायचं नाही, पण तो गप्प बसायचा.

त्यांचं खरं हत्यार म्हणजे पंखा. त्याचं बटण त्यांच्या खुर्चीमागे. जोडपं मुलाबद्दल बोलत असेल तोवर पंखा चालू. सासू, मानपान, कोण कुणाला काय म्हणालं हे सुरू झालं की बंद. आणि सोलापूरचा मे महिना! बाहेरच्या बाकावर आमची पाळी येईपर्यंत नुसत्या खडखडाटावरून मला आतलं सगळं कळायचं. एकदा एक धिप्पाड गृहस्थ घामानं निथळत बाहेर आले आणि मला म्हणाले, "शाळेचं मिटवलं बाबा. जीव जायची पाळी आली." मी मनातल्या मनात हसलो होतो. मी शाळामास्तर, मला बोलण्यात कोण हरवणार!

आमची अन्वी तेव्हा सात वर्षांची. कोणते दिवस ती माझ्याकडे आणि कोणते तिच्या आईकडे, म्हणजे शुभांगीकडे, हे ठरायचं होतं. मी पाठांतर करून गेलो होतो. दिवाळी मागितली, वाढदिवस मागितला, शनिवार-रविवार मागितले. गड्ड्याच्या जत्रेसाठी तर अर्धा तास हुज्जत घातली, कारण शुभांगीच्या भावानं माझ्या मुलीला आकाशपाळण्यात बसवावं हे मला सहन होत नव्हतं. बाईंनी पंखा बंद केला, तरी मी हटलो नाही. जत्रा मी जिंकली. मग बाईंनी पान उलटलं. "आता तापाचे दिवस. पोरगी आजारी पडली तर कुणाकडं?"

शाळा, परीक्षा, शिल्लक रजा यांची जुळवाजुळव माझ्या मनात चालली होती. शुभांगी वरही न बघता म्हणाली, "माझ्याकडे." बाईंनी लिहून घेतलं. सह्या झाल्यावर मला म्हणाल्या, "सर, सण मागणारे लई येतात." एवढंच. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर राग. खरं तर तो माझ्यावरचाच, पण स्वतःवर किती दिवस रागावणार? दुसरं कुणीतरी लागतंच.

गेल्या शनिवारी पाळी माझी होती. सकाळी अन्वीचाच फोन आला, आवाज पार बसलेला. "बाबा, मला ताप आलाय, म्हणून मी तुझ्याकडे येत नाही. बरी झाले की येते हं. तू चिडू नको."

नऊ वर्षांची पोर माझी समजूत काढत होती. मी तडक बाईंना फोन लावला आणि दोन वर्षांचं सगळं ओकलो. तुमच्या कागदानं माझी मुलगी मला परकी केली, इथपर्यंत बोललो. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जावा की तिच्याकडं. पोरगी कुटं राहील तेवडं कागदात हाय. तुमी जिना चढू नका, असं कुटं लिवलंय?"

दोन वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

मी गेलो. शुभांगीनं दार उघडलं आणि बाजूला झाली. अन्वी झोपली होती, आईच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून. मी ते सोडवायला गेलो.

"राहू द्या," शुभांगी हळूच म्हणाली. "तापात लागतं तिला. अगदी तान्ही होती तेव्हापासून."

मला माहीत नव्हतं.