तालमीतली मोकळी खुंटी

ज्ञानूनं लंगोट पिळला, झटकला आणि समोरच्या रिकाम्या खुंटीला टांगला. मातीच्या हौद्यातले सगळे पैलवान होते तसे थांबले. एकाचा हात दुसऱ्याच्या मानेवर होता, तो तिथंच राहिला. मग कुणीतरी मांडीवर शड्डू ठोकला आणि अख्खी तालीम ओरडायला लागली. ज्ञानू माझ्याकडं बघत राहिला, मी त्याच्याकडं. काय झालं ते आम्हा दोघांनाही कळेना.

मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होतो. हुद्दा भारदस्त, काम म्हणजे शिट्टी वाजवणं, फुटबॉलमध्ये हवा भरणं आणि हाफपँट घालून प्रिन्सिपॉलसाहेबांची बोलणी खाणं. मूळचा मी साताऱ्याचा. कुस्तीचं वेड लहानपणापासूनचं, पण देवानं अंग दिलं ते काडीपैलवानाचं. डाव सगळे ठाऊक होते, ते लावायला कुणी जवळ येऊ द्यायचं नाही. म्हणून ट्रेनिंग कोर्स केला आणि दुसऱ्यांना डाव सांगायचा पगार घ्यायला लागलो.

ज्ञानू ज्युनिअर बी.ए.ला होता. विट्याकडच्या एका खेड्यातला पोरगा, त्या गावातून कॉलेजात आलेला पहिलाच. इंटर-कॉलेजिएट स्पर्धा दिवाळीनंतर होत्या आणि आमच्या कॉलेजची सगळी भिस्त त्याच्या मानेवर होती. पण आमच्याकडं त्याला जोड नव्हती. जोड म्हणजे तोलामोलाचा भिडू. वाळूच्या खड्ड्यात इतर पोरांना उचलून ठेवण्यात त्याचा सराव कसला होणार? म्हणून जवळच्याच एका संस्थानाच्या तालमीत मी शब्द टाकला. तालमीचे गुरू दादू वस्ताद म्हणाले, "आना की पोराला. माती काय कुनाची जात इचारती व्हय?"

त्या दिवशी ज्ञानू त्यांच्या एका तयार पैलवानाशी लढला. चितपट कुणीच झालं नाही, पण वस्ताद उभे राहून बघत होते, आणि ते सहसा उठत नसत. कुस्ती झाल्यावर पोरानं आंघोळ केली आणि ओला लंगोट जागा दिसली तिथं टांगला. हॉस्टेलात टांगायचा तसाच.

त्या तालमीची रीत मला वस्तादांनी मग सांगितली. भिंतीत ओळीनं लाकडी खुंट्या होत्या. प्रत्येक पैलवानाची आपली खुंटी. दुसऱ्याच्या खुंटीला कुणी हात लावायचा नाही. नवा पैलवान दाखल व्हायचा तो मोकळ्या खुंटीला लंगोट टांगूनच. सही नाही, अंगठा नाही. सोडून जायचं असेल तर लंगोट त्यानं स्वतःच्या हातानं उतरवायचा, दुसऱ्या कुणी उतरवून चालत नाही. गुडघा गेल्यामुळं एक पैलवान गावी परतला होता. त्याची जुनी खुंटी काढून वस्तादांनी नवी ठोकली होती, आणि नेमकी तीच या पठ्ठ्याला दिसली.

"टांगलास गड्या, आता तू आमचा," वस्ताद हसून म्हणाले.

"मला काय ठावं हुतं?" ज्ञानू म्हणाला. "ओला हुता म्हनून टांगला."

"मग उतरीव."

ज्ञानू खुंटीजवळ गेला. हात वर केला आणि तसाच उभा राहिला. मग हात खाली घेतला. वस्तादांचं हसू गेलं.

"हे बघ," ते म्हणाले, "मी चेष्टा करत न्हाई. मला एक पैलवान पायजेच हाय. ऱ्हायचं हितं, दूध-बदाम संस्थानचं, काम एकच, मेहनत. दसऱ्याला सरकारांच्या म्होरं लढायचं. दसऱ्यापतोर इचार कर. तवर लंगोट हितंच ऱ्हाऊ दे."

मी मध्ये पडलो. "वस्ताद, त्याचं बी.ए. व्हायला दीड वर्ष राहिलंय. त्यानंतर येईल की."

"आवं मास्तर, मान कोवळी हाय तवर घडती. दीड वरसानं त्यो खुर्चीत बसायच्या मापाचा हुईल. तवा मी घेनार न्हाई."

परतताना ज्ञानू सायकल मारत होता आणि मी मागं कॅरिअरवर बसलो होतो. आमच्या वजनांकडं बघता हीच व्यवस्था रास्त होती.

इथं एक नियम सांगितला पाहिजे. कॉलेजच्या स्पर्धेत फक्त अमॅच्युअर, म्हणजे हौशी खेळाडू चालतो. खेळावर पोट भरतो तो प्रोफेशनल, त्याला प्रवेश नाही. संस्थानचा खुराक पोटात गेला की ज्ञानू प्रोफेशनल झाला. तालीम आणि कॉलेज, दोन्ही एकदम जमणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला बोलावलंच. सांगलीत बातमीला सायकल लागत नाही.

"तो मुलगा आता प्रोफेशनल आहे की नाही?"

"सर, अजून तिथलं काही खाल्लेलं नाही. फक्त लंगोट टांगलाय."

"रूल काय म्हणतो?"

"रूल लंगोटाबद्दल काहीच म्हणत नाही, सर."

साहेब इंग्रजी शिकवायचे. हसू दाबायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मग म्हणाले, "शील्ड राहू द्या बाजूला. त्यानं काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

हा प्रश्न मला नोकरीत पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

पुढचे दिवस ज्ञानू वर्गात बसायचा, अटेंडन्स पूर्ण, मन कुठंतरी भलतीकडं. पहाटे हॉस्टेलवर गेलो तर हा खिडकीत बसलेला. पुस्तक उघडं आणि नजर नदीपलीकडं, तालमीच्या अंगाला.

"काय रं, काय बघतोस?"

"आता जोर सुरू झालं असतील, सर," तो म्हणाला. "मग हौदा खनतील. नवी माती टाकल्या, तिच्यात ताक आन् तेल घालून मळतील. लय गार लागती पायाला." आणि जरा थांबून, "सर, हितं सगळं चांगलं हाय. पर हितं माजी कुनी वाट बघत न्हाई. तितं लंगोट हाय माजा."

मला त्याचा हेवा वाटला, हे सरळ सांगतो. आयुष्यभर मी हौद्याच्या काठावर उभा होतो. मला कुणी कधी खुंटी दिली नाही. या पोराला न मागता मिळाली होती, आणि ती घे म्हणावं की सोड म्हणावं ते मला ठरवता येत नव्हतं. घे म्हणावं तर गावातला पहिला बी.ए. बुडतो. सोड म्हणावं तर त्याचा जीव जिथं अडकलाय तिथून मी तो ओढून काढणार.

शेवटी आम्ही त्याच्या वडिलांकडं गेलो. आबा पलटणीत हवालदार होते. बर्मा बघून आलेले, लढाई संपल्यावर पेन्शनीत निघालेले. अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसले होते. ज्ञानूनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आबांनी हातातला वेल पुरा केला, दुसरा घेतला.

"मास्तर, तुमाला एक सांगतो," ते माझ्याकडं बघत म्हणाले. "पलटनीत मलाबी पैलवान म्हनायचे. छाती बघून सायेब मला म्होरं धाडायचा. नकाशा वाचनारा मागं, झाडाखाली. तवा मनात यायचं, माजं पोरगं नकाशा वाचंल."

ज्ञानू खाली मान घालून शेंगा तोडायला लागला होता.

"पर त्ये माजं मन झालं," आबा त्याला म्हणाले. "तुजा जीव त्या मातीत असंल तर जा बाबा. मी आडवा येनार न्हाई. तुज्या आईलाबी मी समजावतो."

मला वाटलं, सुटला प्रश्न. पोरगं आता उडी मारून उठेल. ते उठलं नाही. शेंगांचा ढीग संपेपर्यंत बाप-लेक दोघंही तोडत राहिले. मीही चार वेल घेतले.

परतीच्या वाटेवर त्यानं एकदम सायकल थांबवली. मी कॅरिअरवरून पडता पडता राहिलो.

"आबांनी न्हाई म्हनाय पायजे हुतं, सर," तो म्हणाला. "मी भांडून गेलो असतो."

"आता काय करतोस मग?"

"आता कसा जाऊ?"

एवढंच. पुन्हा पेडल मारायला लागला. त्याची पाठ माझ्यासमोर होती, चेहरा दिसत नव्हता, ते बरंच झालं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही तालमीत गेलो. पैलवान हौद्यात होते, पण लढत कुणी नव्हतं. लंगोट वाळून कडक झाला होता. ज्ञानू उंबऱ्यात वाकला, माती कपाळाला लावली, भिंतीपाशी गेला. या वेळी हात वर गेला तो लंगोट घेऊनच खाली आला. त्यानं तो नाकाशी धरला, घडी घातली, वस्तादांच्या पायाला हात लावला.

वस्तादांनी त्याला उठवून खांदे चाचपले. चांगल्या खोंडाला चाचपतात तसे. "शिक," म्हणाले. "लय शिक. खुंटी मातर ऱ्हाईल बरं का."

तो इंटर-कॉलेजिएट जिंकला. प्रतिस्पर्ध्याला ढाक डाव मारून इतक्या झटपट चीत केलं की टाळ्या वाजवायला लोक तयार नव्हते. शील्ड आलं, साहेबांनी ग्रुप फोटो काढवला. ज्ञानूला विचारलं, कसं वाटतं? म्हणाला, "माती नव्हती सर, वाळू हुती." त्यानंतर तो कुस्ती खेळलाच नाही. पुस्तकांना मात्र असा भिडला की दीड वर्षानं सेकंड क्लास घेऊन बाहेर पडला.

त्याच सुमाराला संस्थानं विलीन झाली. सरकार गेले, दसऱ्याचा दरबार गेला, पैलवानांचा खुराक बंद झाला. सांगलीत जो तो मला सांगायला लागला, "बघा, तुमचं पोरगं वाचलं! केवढा शहाणा!" हिशेब बरोबर होता. त्यात चूक काढायला जागा नव्हती.

तालमीतल्या फिरवायच्या लाकडी जोड्या आणि मुदगल विकायचे आहेत असं समजलं, म्हणून कॉलेजतर्फे मी बघायला गेलो. हौदा कोरडा पडून भेगाळला होता. वस्ताद एकटेच बसले होते. माझी नजर भिंतीकडं गेली. सगळ्या खुंट्या तेलाघामानं काळ्याकुळकुळीत झालेल्या. एक तेवढी कोऱ्या लाकडाची, पांढुरकी. धूळसुद्धा नव्हती तिच्यावर.

"दुसरा कोणी नाही आला, वस्ताद?"

"आलं की. धा आलं."

"मग?"

"मग काय? जागा हाय कुटं म्हनलं." ते उठले. खुंटी हलवून हलवून सैल केली आणि उपसली. "मास्तर, सगळी म्हनत्यात पोरगं वाचलं. व्हय, वाचलं. पर मला दोन वरसं मिळाली असती तर काय झालं असतं त्ये मी जानतो. ही त्येला द्या. कुनी टांगलं न्हाई म्हनावं."

मी ती दिली. ज्ञानूनं खुंटी उलटीपालटी करून बघितली. वस्तादांचा निरोप सांगितला तेव्हा त्याचे डोळे भरले, आणि त्यानं ते पुसलेही नाहीत. मग म्हणाला, "सर, चहा घेऊ या."

पुढं तो परीक्षा देत देत मामलेदार झाला. आबांनी ते डोळ्यांनी बघितलं. सातारा भागातल्या एका तालुक्याला तो असताना मी त्याच्याकडं गेलो होतो. यात्रेचे दिवस होते. कुस्त्यांच्या मैदानाला मामलेदारसाहेब प्रमुख पाहुणे. मोठ्या कुस्तीला पाहुण्यानं हौद्यात उतरून दोन्ही पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, अशी आपल्याकडं पद्धत आहे. बाकीचे पाहुणे काठावरूनच काम उरकतात. यानं बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली आणि अनवाणी आत गेला. हात जोडून दिल्यावर पंच म्हणाले, "या सायेब भाइर." साहेब निघेचनात. पाय मातीत घोट्यापर्यंत रुतवून उभे. पंचांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

दुपारी त्याच्या बंगल्यावर जेवायला बसायचं होतं. सोप्याच्या भिंतीत एक खुंटी दिसली. मी डोक्यावरची टोपी काढली आणि टांगायला गेलो.

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. ती घाईनं म्हणाली, "सर, तिथं नको. तिथं काही टांगत नाहीत."

मी नीट बघितलं. पांढुरकं लाकूड. टोपी मांडीवर ठेवून जेवलो. ज्ञानू ताटाकडं बघत होता, मीही माझ्या ताटाकडं बघितलं.

त्याचा निर्णय बरोबर होता. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. पुढं नोकरीभर खेळाडू पोरं माझ्याकडं येत राहिली. कुणाला मिलच्या टीमनं बोलावलेलं, कुणाला पलटणीनं. सर, जाऊ की शिकू? जा किंवा शिक, असं मी कुणालाच सांगितलं नाही. एवढंच सांगायचो, परक्या तालमीत गेलास तर ओला लंगोट खांद्यावरच ठेव.

पोरं हसायची आणि जायची.