श्लोकाखालचा मजकूर

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धुळ्याच्या धाकट्या भावाशी, नानांशी, बोलणं टाकलं त्याला बरीच वर्षं झाली. जळगावचं पाइपांचं दुकान आबांचं, धुळ्याचं नानांचं, भागीदारी दोघांची. कामाचं काही निघालं की दुकानाच्या लेटरहेडवर रीतसर पत्र, आणि ते टाइप करायला मी. सख्ख्या भावाला ‘महोदय’ लिहायचं! माझं तर डोकंच फिरायचं.

या उन्हाळ्यात आबांनी शेवटचं पत्र सांगितलं. भागीदारी मोडली, तुमचा-आमचा संबंध संपला. मी म्हटलं, एकदा विचार करा. ऐकतील ते आबा कसले! उलट म्हणाले, शेवटचं पत्र आहे, वर एखादा श्लोक टाक, शोभेल. त्यांना पाठ एकच. आत्म्याला शस्त्र कापत नाही, आग जाळत नाही, तो. मीही तणतणत टाकला. त्याच्याखाली पाठवणारा म्हणून आबांचं नाव ठळक अक्षरात आलं आणि पत्र पोस्टात पडलं.

पुढच्या आठवड्यात जळगावात, पिंप्राळ्याच्या आमच्या घराच्या दारापुढे रिक्षा थांबली. आबा ओट्यावर चहा पीत होते. रिक्षातून नाना उतरले आणि मी जागच्या जागी थिजले. डोकं गुळगुळीत. मिशीसुद्धा नाही. अहो, त्या मिशीला न्हाव्यालाही हात लावू देत नसत! नानांच्या घरात कोण गेलं?

नाना मात्र आबांकडे बघत होते. बघता बघता ते पायरीवर मटकन बसले.

“भाऊ, तू जित्ता शे?”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उत्तरकार्याच्या पत्रिकेवर आमच्याकडे वर हाच श्लोक असतो आणि खाली गेलेल्याचं नाव. नाना म्हणाले, श्लोक पाहिला, नाव पाहिलं, पुढचं वाचवलंच नाही. फोन तरी कोणत्या तोंडाने करायचा? तसेच स्टँडजवळच्या न्हाव्यापुढे जाऊन बसले.

आता आबा शिव्या घालणार, असं मला वाटलं. ते उठले, भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, “मिशीबी काढी टाकी?”

नाना ढसाढसा रडले. मीही रडले. बऱ्याच वेळाने नानांनी डोळे पुसले आणि खिशातून ते घडी केलेलं पत्र काढलं.

“खाले काय लिखेल व्हतं, भाऊ?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला.

“काही नही. दे ते इकडे.”