आमच्या स्लॅबवरची स्वच्छ हवा

"ताई, ही हवा तुमच्याच घरावरची आहे. तुमच्याच स्लॅबवर मोजलेली. आता मी तुमच्या नाकावर विश्वास ठेवू की मशीनवर?"

साहेब असं म्हणाले आणि अख्खा मांडव हसला.

माझ्या हातात माईक होता. जन्मात पहिल्यांदा धरलेला. आमच्या वाडीला लागून जो कारखाना आहे त्याला वाढायचं होतं, आणखी एक चिमणी उभी करायची होती. त्याआधी लोकांचं ऐकून घ्यावं असा कायदा आहे. जनसुनावणी म्हणतात त्याला. म्हणून महाडच्या बाहेर मैदानात मांडव घातलेला. कूलर, गालिचा, पाण्याच्या बाटल्या, पुलावाची पाकिटं, सगळं कंपनीचं. स्टेजवर मधल्या खुर्चीत सरकारचे साहेब. मी एवढंच म्हटलं होतं की पहाटे वरंध घाटाकडचा वारा खाली उतरतो तेव्हा आमच्या घरात कुजका वास भरतो. डोळे चुरचुरतात. माझ्या सासऱ्यांना उठून बसावं लागतं, श्वास पुरत नाही. नवी चिमणी नको.

साहेबांनी समोरचा जाडजूड अहवाल उघडला. हवा मर्यादेत, धूळ मर्यादेत, असं मोठ्याने वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"गोठा आहे घरी?"

"हाय."

"चूल पेटवता?"

"हाय... हो, पेटवतो."

"मग?"

एवढंच. मग? पुन्हा सगळे हसले. आणि परकेच हसले असते तर मी इतकी जळले नसते. पुढच्या रांगेत आमच्याच वाडीची माणसं होती, कंपनीच्या गाडीतून आलेली. त्यात आमचा सरपंच, माझा चुलतदीर. त्याचे टेम्पो कंपनीत लागलेत. तोही हसत होता, मांडीवर हात मारून.

त्या स्लॅबवरच्या हवेची गोष्ट सांगते.

आमचं घर कौलारू, पण पडवीवर माझ्या सासऱ्यांनी स्लॅब टाकलाय. बाहेरून सिमेंटचा जिना. त्यांना सगळे आबा म्हणतात. जन्मभर भात आणि वाल पिकवलेला माणूस. कारखाना आल्यावर वालाच्या पानांवर जळके डाग पडायला लागले, आणि त्यानंतर आबांची छाती वाजायला लागली. आबा तक्रारी करून दमले होते. आणि सुनावणीच्या आदल्या हिवाळ्यात एक दिवस दारात गाडी थांबली. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पंचविशीतला मुलगा. म्हणाला, "हवा मोजायला आलोय. तुमच्या स्लॅबवर मशीन ठेवू का?"

आबांना वाटलं, सरकार आलं. तसं विचारलं तर त्या मुलाने होही म्हटलं नाही आणि नाहीही.

"बघ गो," आबा मला म्हणाले, "सरकारानं मशीन धाडलाय. आता खरा काय ता कळंल."

मग आबांनी काय केलं? आमच्याकडे दारात पाहुणा आला की जे करतात ते. मला अंगण सारवायला लावलं. स्लॅब पाण्याने धुऊन घेतला. पंप आला, ट्रॅक्टर आला तरी आम्ही नारळ फोडतो, तसा मशीनपुढे फोडला, हळदकुंकू लावलं. चूल बंद. "मशीनला धूर लागंल," म्हणाले. मशीन होतं तोवर मी सगळं गॅसवर केलं. गोठ्यातली गुरं भावकीतल्या गोठ्यात नेऊन बांधली. वाडीतल्या पोरांना स्लॅबखाली धूळ उडवत खेळायची बंदी केली.

म्हणजे साहेब ज्या चुलीवरून मला हसले ती चूल त्या दिवसांत पेटलीच नव्हती.

आणि शेवटी आबांना वाटलं, एवढं महागाचं मशीन, उघड्यावर, कावळे घाण करतील, धूळ बसेल. त्यांनी सासूबाईंचं लुगडं काढलं. सासूबाई जाऊन वर्षं झाली. त्यांचं एकच लुगडं आबांनी ठेवलेलं, धुऊन, घडी करून. ते घेऊन धापा टाकत जिना चढले, मधे दोनदा बसले, आणि लुगड्याची चौपदरी घडी मशीनच्या डोक्यावर घातली. कडा नीट खाली ओढून बांधल्या. मशीन हवा ओढतं ते तिथूनच. आतल्या कागदावर धूळ बसते, ती नंतर तोलतात. आम्हाला हे कुठून ठाऊक असणार?

त्या मुलाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कागद बदलायला तो आला तेव्हा मी स्लॅबवर वाळवण उचलत होते. त्याने लुगडं बघितलं. थोडा थांबला. मग लुगडं सोडलं, बाजूला ठेवलं, कागद बदलला, मोबाइलवर मशीनचा फोटो काढला, दोन बाजूंनी. आणि लुगडं उचलून पुन्हा मशीनवर घातलं. स्वतःच्या हाताने. कडाही आबांसारख्या ओढून बांधल्या.

"छान केलंत आबा," खाली येऊन म्हणाला. "मशीन स्वच्छ राहतंय."

आबांची छाती फुगली. वाडीभर सांगत फिरले की मशीनवाल्या साहेबाने शाबासकी दिली. त्या दिवशी घरची कोंबडी कापली. तांदळाच्या भाकऱ्या, रस्सा. तो पोटभर जेवला. "ताई, अशी भाकरी मुंबईत नाही मिळत," म्हणाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. मुंबईला असलेल्या माझ्या नवऱ्यालाही मी फोनवर ते सांगितलं.

मशीन गेल्यावर मी लुगडं नळावर धुतलं. काळं पाणी निघालं, काळं आणि वर पिवळट तवंग. मला वाटलं मशीनचं तेल असेल. साबण लावून घासलं, ऊन दाखवलं, घडी घालून आबांना दिलं. आमच्या वाडीची खरी हवा त्या लुगड्यात होती, आणि ती मीच गटारात सोडली.

आता परत मांडवात या. साहेबांनी अहवाल माझ्याकडे वळवला आणि फोटो दाखवला. आमचा स्लॅब. मागे आमचा माड. मधे मशीन, उघडं, उन्हात चमकणारं. लुगडं कुठेच नाही.

तेव्हा मला कळलं. त्याने लुगडं कशासाठी काढलं आणि परत कशासाठी घातलं ते तिथे, माईक हातात धरून, सगळ्यांसमोर कळलं. मी इकडेतिकडे बघितलं तर तो होताच. कंपनीच्या माणसांच्या मागच्या खुर्चीत. सकाळी कंपनीच्याच गाडीतून उतरताना दिसला होता, तेव्हा अर्थ लागला नव्हता. सरकारचा नव्हताच तो.

मी माईकवर विचारलं, "भाऊ, तुम्ही सांगा. त्याच्यावर कापड होतं ना? तुम्हीच घातलंत ना परत?"

त्याने मोबाइल काढला आणि मोबाइलमध्ये बघत बसला. आमच्या घरचं जेवलेला मुलगा. मान वर करेना.

तेवढ्यात चुलतदीर उठला. माझ्या हातातून माईक काढून घेतला. "वहिनी, बास झाला आता. घराची शोभा करू नका. चला." आणि साहेबांकडे वळून, "माफ करा साहेब, बाईमाणूस हाय."

माझ्या वतीने माफी मागितली त्याने. तेव्हापासून त्याला अहोजाहो करणं मला जमत नाही.

वाडीत बोलायला लागले की या घराने चिमणीला जागा करून दिली. तोंडावर नाही बोलले, पण नळावर मी गेले की बायका गप्प व्हायच्या. नवरा फोनवर म्हणाला, "गप्प बसायला काय झालं होतं तुला?" आबा पडवीत बसायचे बंद झाले. आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. एकदा मी पेज घेऊन गेले तर म्हणाले, "तुझ्या सासूच्या लुगड्यानं चिमणी बांधली गो मी." मी पेजेचं भांडं ठेवलं आणि बाहेर आले.

मी माहेरी गेले. माझं माहेर कुडपण, पोलादपूरहून वर, डोंगराच्या माथ्यावर. तिथे पहिल्या सकाळी उठले तर भावजय माझं अंथरूण कुंपणावर टाकत होती. वेगळं, बाकीच्या अंथरुणांपासून लांब.

"राग मानू नका," ती म्हणाली, "पण वास लागतो हो तुमच्या कपड्यांचा. दरवेळी लागतो."

दरवेळी. म्हणजे इतकी वर्षं माझी अंथरुणं माझ्यामागे कुंपणावर पडत होती आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे लाज वाटली आणि लाजेच्या मागून संताप आला. कुडपणच्या बाईला माझ्या गोधडीत कारखाना कळतो. सरकारला कळत नाही. आई म्हणाली, "ऱ्हा हितंच, हवा चांगली हाय." मी म्हटलं, नाही. श्वास घ्यायला माहेरी यायचं असेल तर ते घर माझं कसलं?

खाली उतरले ती थेट महाडच्या सरकारी कचेरीत गेले. कारखान्याला परवानगी मिळून गेली होती. तिथल्या कारकुनाने मात्र मला बसायला खुर्ची दिली, एवढं खरं. मी विचारलं, हवा मोजतं कोण? म्हणाला, कंपनी मोजून घेते, तिच्या माणसाकडून. मग तुम्ही काय करता? "आम्ही अहवाल तपासतो." वासाची मर्यादा किती? "वासाला मर्यादा ठरलेली नाही, ताई." परवानगीला अट काय घातलीय? तेव्हा त्याने सांगितलं की अट आहे. दर हंगामात हवा मोजायची. आणि मोजायची ती त्याच जागी.

त्याच जागी म्हणजे आमच्या स्लॅबवर.

एसटी डेपोकडे जाताना चवदार तळ्यावर थांबले. महाडची माणसं तिथून रोज जातात, भाजीची पिशवी घेऊन, बघतही नाहीत. मीही बघायची नाही. त्या दिवशी कठड्याला टेकून उभी राहिले. इथे पाण्यासाठी माणसांनी मार खाल्ला. आणि मारणारे कोण होते? आमच्यासारखे, जमिनीवाले, घरंदाज. आमच्या घरात हे कोणी बोलत नाही. आता आमच्या नाकाशी कोणीतरी दार लावलंय आणि आम्हाला वाटतंय, हे आमच्या बाबतीत कसं झालं. ज्यांनी इथे उभं राहून दाखवलं त्यांनी अर्ज करून वाट बघितली नव्हती. ओंजळ घातली होती पाण्यात.

हंगाम बदलला. भात कापून झालं, वाल पेरला. आणि दारात तीच गाडी थांबली. तोच मुलगा, तसाच इस्त्रीचा शर्ट. हसत आत आला जसं काही झालंच नाही.

"नमस्कार आबा. मागच्यासारखंच करू या. ताई, कशा आहात?" आणि जिन्याकडे बघत म्हणाला, "ते कापड आहे ना मागचं? यंदा धूळ फार आहे."

आबा आतून बाहेर आले होते. दाराला धरून उभे राहिले. मग सवयीने, फक्त सवयीने, म्हणाले, "गो, पाणी दे त्यास."

मी तांब्याभर पाणी दिलं. चवदार तळ्यावर उभी राहून आले होते मी, पाणी कुणाला नाकारणार नाही. तो प्यायला, तांब्या खाली ठेवला आणि पडवीत मांडी घालून बसला. चहाची वाट बघत.

मी चूल पेटवली. चहासाठी नव्हे. रोज पेटते म्हणून. गुरं गोठ्यात होती, ती तिथेच ठेवली. अंगण झाडलं नाही. सारवलं नाही. नारळ नाही, हळदकुंकू नाही.

"मशीन वर ठेवा," मी म्हटलं. "कापड मिळणार नाही. आणि मशीन असेपर्यंत मी वरच बसणार आहे."

"ताई, तशी पद्धत नसते."

"पद्धत मी बघितलीय तुमची."

त्याने सरपंचाला फोन लावला. चुलतदीर स्कूटरवरून आला, घामाघूम. "वहिनी, काय चाललाय? पाहुणा हाय तो आपला."

"पाहुणा नाय. मोजायला आलाय तो. मोजू दे."

"वाडीची इज्जत..."

"वाडीची इज्जत तू मांडवात खाल्लीस, पुलावाबरोबर."

हे मी अंगणात म्हटलं, मोठ्याने. नळावर उभ्या असलेल्या बायकांनी ऐकलं. त्यातली एक हंडा तिथेच ठेवून आमच्या अंगणात आली. माझ्या आधी जिना चढली. तिच्यामागून दुसरी.

मशीन सुरू झालं. त्याच्या घरघरीत आम्ही स्लॅबवर बसलो, मशीनपासून हातभर लांब. कोणी हात लावायचा नाही, ना त्याने, ना आम्ही. खाली आबांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मग जिन्यावर पावलं वाजली. आबा चढत होते, मधे मधे थांबत. वर आले तेव्हा हात रिकामे होते. मशीनच्या उघड्या डोक्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि माझ्या शेजारी बसले.

तो मुलगा खालून ओरडला, "ताई, उद्या आकडा जास्त आला तर तुमच्याच वाडीचं नाव खराब होईल."

होऊ दे. खोट्या चांगल्या नावाने आम्ही खूप गुदमरलो. आकडा जो येईल तो आमच्या डोळ्यांदेखत येईल. कागद काढताना, पाकिटात घालताना, सील करताना आम्ही बघू, आणि ते पाकीट कचेरीत जाईपर्यंत त्याच्यामागे जाऊ. तिथे कोणी विचारलं, नाकावर विश्वास ठेवू की मशीनवर, तर या वेळी माईक माझ्या हातातून कोणी काढून घेणार नाही. काढायला येणाऱ्याने आधी या हवेत, आबांसारखा धापा टाकत, हा जिना चढून दाखवावा.