साहेबांच्या पन्ह्यातला बर्फ

एकोणीसशे पन्नासच्या दशकात सिंदीच्या दूध केंद्रावर मी शीतव्यवस्थेचा प्रमुख होतो. शीतव्यवस्था म्हणजे नागपूरहून सकाळच्या गाडीने येणारी बर्फाची एक लादी, तिच्याभोवती लाकडाचा भुसा, वर गोणपाट आणि देखरेखीला मी. लादी पाण्याच्या हौदात सोडायची, दुधाचे कॅन त्यात उभे करायचे आणि दुपारच्या गाडीने नागपूरला धाडायचे. कागदावर याहून सोपं काम नव्हतं.

मे महिन्यात दोनदा दूध नासलं आणि वरून पत्र आलं: साहेब तपासणीला येतील, त्या दिवशीही नासलं तर केंद्र बंद. माझी फार तर बदली झाली असती. पण सगळ्यात जास्त दूध घालणाऱ्या म्हाताऱ्या गवळ्याची बायको वारली होती, घरात ताक घुसळायला कुणी नव्हतं. कच्चं दूध इथे खपतं, यावर त्याचं घर चालत होतं. त्याच्यासाठी माझा जीव खरोखर टांगणीला लागला होता.

साहेब भर दुपारी आले, घामाने निथळत. पन्हं तयार होतं, पण कोमट. गवळी माझ्या कानाशी लागला, "बाबूजी, पाहुण्याले असं गरम पन्हं देता का जी? गावाची इज्जत जाईन नं."

गावाची इज्जत! मी बर्फ फोडायचा टोचा उचलला. हौदातल्या लादीचा पहिला तुकडा मीच फोडला.

आता पाहुण्याला एकट्याने प्यायला लावणं आमच्याकडे बरं दिसत नाही. म्हणून सरपंच प्याले, स्टेशनमास्तर प्याले, साहेबांचा शिपाई प्याला. साहेब आलेत म्हटल्यावर शाळेचे हेडमास्तर दर्शनाला आले, तेही प्याले. साहेबांनी दुसरा पेला घेतला, मिशा पुसल्या आणि कामाला लागले.

"हं, बर्फ दाखवा."

हौदात गोणपाट तरंगत होतं. आम्ही सगळे साहेबांच्या पेल्याकडे बघत राहिलो. तळाशी एक खडा शिल्लक होता. सांगायची हिंमत एकाचीही झाली नाही, माझी तर मुळीच नाही.

दूध नागपूरला पोचलं ते फाटूनच. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'केंद्रावर बर्फाचा वापर अपुरा. कर्मचारी मात्र अगत्यशील.' केंद्र बंद झालं आणि अगत्याबद्दल मला देवळीला बढती मिळाली.

निघायच्या दिवशी गवळी आपला रिकामा कॅन न्यायला आला. माझी मान वर होईना. चूक झाली, एवढं तरी म्हणायचं होतं. त्याआधी तोच बोलला.

"मनाले लावून नका घेऊ बाबूजी. दूध आता वासरायले पाजून राह्यलो." मग त्याने विचारलं, "साहेबाले पन्हं थंड लागलं नं पण?"

"लागलं," मी म्हणालो.

"मंग झालं," असं म्हणून त्याने कॅन खांद्यावर घेतला.