वाचून दाखविले

गेल्या महिन्यात शिराळ्याच्या तहसील कचेरीसमोरील माझ्या अर्जलेखनाच्या टेबलापाशी आमच्या खोपेवाडीच्या बिरूतात्यांचा मुलगा म्हाळू येऊन उभा राहिला. "तात्या गेलं वो. वारसनोंदीचा अर्ज लिवायचा हाय." ज्याच्या मसुद्याची अव्वल कारकुनांनीही तारीफ केली, त्या माझ्या हाताला 'मयत बिरू' एवढे दोन शब्द उमटविणे जड गेले...

खोपेवाडी चाळीस उंबऱ्यांची. बांधावरून कोयते उगारणारे भाऊबंदही तेथे एकाच विहिरीवर मुकाट्याने पाणी ओढतात, कारण विहीर गावाच्या आधीची. बिरूतात्या सांगत, मुळात येथे मेंढ्यांचा तळ होता. नवरा वारल्यावर त्यांच्या पणजीने, लखाबाईने, ही विहीर खणली, आणि पाण्यामागे माणसे येऊन गाव वसले. पुढे ग्रामपंचायतीने विहिरीवर गावच्या इतिहासाचा फलक लावण्याचे ठरविले. सातवीपर्यंतच शिकलो असलो, तरी कायदेशीर भाषा जाणणारा गावात मी एकटाच. साहजिकच ते काम मजकडे आले. मी तात्यांच्या तोंडी लिहिले, 'ही विहीर आमच्या घराण्याच्या मूळ पुरुषाने खणली.' मेंढ्या राखणाऱ्या विधवेने गाव वसविले, हे मला कमीपणाचे वाटले होते.

मजकुराखाली गावातील जाणत्याचा अंगठा हवा होता. तात्या माझ्या टेबलापाशी आले. "वाच की जरा," म्हणाले. मी म्हणालो, "तुमी सांगितलं तेच हाय तात्या. सरपंच खोळंबल्यात." ते हसले. "तू लिवलंस म्हंजे सरकारनंच लिवलं गड्या!" त्यांनी अंगठा उठविला, शाई टेबलाच्या कडेला पुसली, आणि मी रिवाजाप्रमाणे खाली लिहिले, 'मजकूर वाचून दाखविला, तो बरोबर आहे.'

अनावरणाच्या दिवशी शाळेच्या बाईंनी फलक मोठ्याने वाचला. तात्यांनी दोनदा मान वर केली. कोणीतरी टोमणा मारला, "आवं तात्या, पणजी कुठं गेली? अंगठा तर तुमचाच हाय म्हनं!" चार माणसांत माझी अब्रू त्यांच्या एका शब्दावर होती. ते म्हणाले, "व्हय, माझाच हाय." नंतर माझ्याजवळून जाताना मात्र हळूच पुटपुटले, "माझ्याच अंगठ्यानं माझी पणजी पुसलीस व्हय रं?"

त्यानंतर बाजाराला आले की ते "बरं हाय न्हवं?" विचारून पुढे जात, टेबलाशी बसत नसत. फलकाच्या दुरुस्तीचा अर्ज पुढच्या सोमवारी लिहू, असे मी स्वतःस सांगत राहिलो... म्हाळू आला तोवर.

आता तो अर्ज लिहिला आहे. खोटा मजकूर मीच लिहिला व वाचून दाखविला नाही, असे त्यात स्वच्छ नमूद करून सही केली आहे. दाखल करण्यापूर्वी तो समोरच्या रिकाम्या स्टुलाला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखविला. शेजारचा स्टँपविक्रेता हसला, हसू दे. 'जाणत्याची निशाणी, डावा अंगठा' ही जागा कोरी आहे. टेबलाच्या कडेवरची निळी शाई मात्र अजून तशीच आहे. त्यावर कागद ठेवण्याचे धाडस मला होत नाही.