पंचमीच्या सात्या

पालीच्या रतनबाईला सात्या दाखवायला माणसं तलावापलीकडून यायची. सात्या म्हणजे श्रावणात वारुळावर उगवणारी, खायची अळंबी. तिच्यासारखीच पांढरी, तिच्याच आसपास उगवणारी कुत्र्याची छत्री मात्र जीव घेते. शहाणी माणसं वास घेऊन, रंग बघून ओळखायला जातात आणि तोंडघशी पडतात. रतनबाई शेळ्या राखता राखता खुरप्यानं दांड्याभोवतीची माती उकरायची. दांडा निमुळता होत खोल वारुळात गेला तर सात्या. मातीतच फुगीर गाठ होऊन संपला तर छत्री. "वरून समद्या सारक्याच. खंदल्याबिगर घ्यायची न्हाई," म्हणायची, आणि विचारणाऱ्याला वर चार शब्द सुनवायची. बाई फटकळ, पण तिनं आणलेल्या सात्या गाव डोळे झाकून खायचं.

दोन वर्षांमागं तिची लेक बबिता पंचमीला चकलांब्याहून माहेरी आली. मायलेकी वारूळ पुजायला माळावर गेल्या, तर बाजूलाच पांढरीशुभ्र अळंबी वर आलेली. बबिताला सात्यांचं भारी वेड. पण पंचमीला आपल्याकडं माती उकरत नाहीत, नागाला इजा होते म्हणून. विळीवर चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. सात्या हातानं मोडून शिजवता येतात, म्हणजे सणाला चालणारं कालवण. वारूळ हाताशी होतं, लेक हट्टाला पेटली होती. रतनबाईनं जन्मात पहिल्यांदा न उकरता वरच्यावर मोडून घेतल्या. मूठभरच होत्या, सगळ्या लेकीच्या ताटात वाढल्या.

दुसऱ्या दिवशी बबिताला उलट्या सुरू झाल्या. मधे जरा बरं वाटलं, मग डोळे पिवळे पडले. बीडच्या दवाखान्यात रतनबाईनं डॉक्टरांपासून काही लपवलं नाही. लिव्हर गेलंय, आता आमच्या हातात काही नाही, असं ते म्हणाले.

आत गेल्यावर बबितानं तिचा हात धरला. "माय, खंदून बघितल्या हुत्या ना?"

"व्हय गं. पार बुडापतूर."

"मग त्याचं न्हाई हे. हुईन मी बरी," म्हणत तिनं निवांत डोळे मिटले. संध्याकाळी ती गेली.

गावानं रतनबाईला दोष दिला नाही. सण पाळला, तिचं काय चुकलं, असंच सगळे म्हणतात. मला तिच्याकडं बघवत नाही. परवा शेळ्यांमागं चालता चालता ती आपणहून बोलली, "खरं सांगितलं असतं तर मला शिव्या देऊन तरी गेली असती. माज्यावर भरवसा ठिवून गेली."