बाई आल्या माझं जेवण बघायला

समस्त लालबाग-परळकरांस कळविण्यात येते, की माझ्या वयाच्या पाचव्या वर्षी केवळ माझं जेवण बघण्यासाठी एक बाई खास व्हिक्टोरिया करून आमच्या चाळीत आल्या होत्या.

जन्मापासून माझे हात थरथरत, मान डुले, आणि घास गिळणं म्हणजे मोठीच मोहीम. बाबांनी एका धर्मादाय संस्थेकडे अर्ज केला होता. मुलीला धड खाता येत नाही हे बाईंना पटलं, तर रोजचं दूध आणि हातामानेला व्यायाम शिकवणाऱ्या दवाखान्यात जागा मिळणार होती. काय काय सांगायचं ते बाबांनी घोकून ठेवलं होतं. पण आदल्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला. 'मुंबई आमची' म्हणून बाबा असे ओरडले, की बाई दारात आल्या तेव्हा बाबांच्या घशातून नुसती हवा येत होती.

सगळी भिस्त आईवर. आणि परक्या माणसासमोर पोटच्या पोरीचं उणं काढायचं नाही, हा आईचा धर्म.

"मुलगी जेवते का?" बाईंनी विचारलं.

"जेवते की! सगळं जेवते."

दारात जमलेल्या शेजारणींनीही चाळीची लाज राखली. मालवणकडच्या काकू म्हणाल्या, "काल आमच्याकडे दोन घावणे खाल्ल्यान चेडवान!"

ते घावणे काकूंनीच खाल्ले होते. मी वास घेतला होता. पण एवढं कौतुक ऐकून मी खुशीत होते. बाबा मागे उभे राहून दोन्ही हातांनी 'नाही, नाही' करत होते. बाईंना वाटलं, माशा हाकलतायत.

बाईंनी लिहायला काढलेली पेन्सिल परत पर्समध्ये टाकली. पण जेवणाच्या वेळी आलेल्या माणसाला उपाशी जाऊ देईल ती आमची आई कसली! बाईंपुढे भात आणि बांगड्याचं कालवण आलं, आणि वेळ झालीच होती म्हणून आईनं मलाही मांडीवर घेतलं. मऊ भाताचा शेंगदाण्याएवढा घास, हनुवटीखाली एक हात, मग गळ्यावरून हळूहळू बोट फिरवत वाट बघणं. निम्मा घास बाहेर. तो गोळा करून पुन्हा आत. बाईंचं ताट संपलं, हात धुऊन झाले, चहासुद्धा झाला. माझा तिसरा घास अजून गालातच.

पेन्सिल पुन्हा बाहेर आली. बाबांचे हात हवेत थांबले.

"रोज इतका वेळ लागतो?" बाईंनी हळूच विचारलं.

लेकीचा असा अपमान! आई फणकारली. पुढे मला जे दूध मिळालं, जो व्यायाम मिळाला, त्याचं सगळं श्रेय त्या फणकाऱ्याला:

"इतका कुठं, बाई? आज तुम्ही आलात म्हणून घाईघाईनं जेवतेय ती!"